निखाऱ्यांवरचें मांस आणि रस्त्यावरची खिडकी

अमेरिकेंतील टेक्सस राज्याची राजधानी जें ऑस्टिन शहर, त्याला उभें चिरीत जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला २००९ च्या डिसेंबर महिन्यांत एक जुना ट्रेलर येऊन उभा राहिला. ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागें जोडून ओढीत न्यावयाची, चाकांवरची लहानशी खोली. ॲरन फ्रँकलिन आणि त्याची पत्नी स्टेसी ह्या जोडप्यानें त्या खोलीच्या खिडकींतून धुरावर शिजविलेलें मांस विकावयास आरंभ केला. पक्कें उपाहारगृह उघडण्याइतकें भांडवल त्यांच्यापाशीं नव्हतें. थोड्याच महिन्यांत त्या खिडकीपुढें रांग लागूं लागली. २०११ मध्यें त्यांनीं पक्क्या इमारतींत दुकान थाटलें. त्याच वर्षीं 'बॉन आपेती' ह्या खाद्यविषयक मासिकानें त्यांचें बार्बेक्यू अमेरिकेंतील सर्वोत्कृष्ट ठरविलें, आणि २०१५ सालीं फ्रँकलिनला जेम्स बिअर्ड हें मानाचें पारितोषिक मिळालें. चाकांवरच्या खिडकींतून कागदावर वाढलेल्या अन्नाला एवढा मान मिळालेला पाहून पुष्कळांना ही एक अगदीं नवी तऱ्हा वाटली.

इतिहास पाहूं गेलें तर ती नवी नव्हती. बार्बेक्यू हें अन्न जन्मापासूनच उघड्यावरचें आहे. तें कोणी शिजवावें, कोणी बसून खावें आणि कोणी बाहेर उभें राहून न्यावें, ह्या प्रश्नांवरून अमेरिकेंत मोठे झगडे झालेले आहेत. आज आपल्यापुढें मी मांडणार आहें तो ह्या अन्नाच्या चवीचा इतिहास नसून त्याच्या जागेचा इतिहास आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मांस शिजत नाहीं, आणि जेथें शिजतें तेथेंही गोमांस बहुधा वर्ज्यच असतें, हें मी जाणून आहें. आहार ज्याचा त्याचा. परंतु अन्नाच्या पंगतींत मानापमान कसे शिरतात, हा विषय आपणांस परका नाहीं.

प्रथम हा पदार्थ काय आहे तें पाहूं. आपल्याकडे हुरड्याच्या आगटींत कणीस घटकाभरांत भाजून निघतें. बार्बेक्यूची रीत ह्याच्या अगदीं उलट आहे. टेक्ससमध्यें ह्या कामीं मुख्यतः ब्रिस्केट, म्हणजे गुरांच्या छातीचा भाग, वापरतात. जनावराच्या अंगाचा पुष्कळसा भार ह्या स्नायूवर पडत असल्यामुळें तो अत्यंत चिवट असतो. त्याला जाळावर धरला तर तो कातड्यासारखा होतो. म्हणून लोखंडी भट्टीच्या एका टोंकाला ओक वृक्षाच्या लांकडांचा विस्तव करावयाचा, आणि दुसऱ्या टोंकाच्या धुराड्याकडे जाणारा ऊन धूर मांसावरून वाहूं द्यावयाचा. भट्टीतील उष्णता सुमारें ११० ते १३५ अंश सेल्सियसच्या आंत राखावी लागते, आणि ती राखावयाची किती वेळ, तर दहा, बारा, कधीं चौदा तास! तेवढ्या अवधींत मांसांतील कोलॅजन नांवाचे चिवट तंतू विरघळून त्यांचें मऊ जिलेटिन बनतें. मध्यंतरीं, मांसाच्या आंतील उष्णता सत्तर अंशांच्या आसपास पोंचली कीं ती तासन् तास पुढें सरकतच नाहीं. कारण पृष्ठभागावरून उडून जाणारी वाफ मांसाला थंड करीत राहते. नवशिका येथें धीर सोडतो आणि जाळ वाढवून सर्व बिघडवितो. जाणता मनुष्य स्वस्थ बसून एखादें लांकूड सारतो आणि धुराचा रंग पाहत राहतो. मसाला म्हणाल तर बहुतेक मीठ आणि काळें मिरें एवढाच. ह्या पदार्थाची खरी फोडणी जागरणाची. दुपारीं विकावयाचें मांस आदल्या दिवशींच भट्टींत जातें, आणि रात्रभर त्यापाशीं कोणी तरी बसून असतें.

हें जागरण कोणाच्या वाट्याला आलें, येथून आपल्या इतिहासास सुरुवात होते.

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांतील ताइनो लोकांच्या भाषेंतून स्पॅनिश भाषेंत 'बार्बाकोआ' ह्या रूपानें आला. काठ्यांची उंच माचण रचून तिच्याखालीं विस्तव ठेवावयाचा आणि वर मांस किंवा मासे भाजावयाचे, अशी ती रीत होती. सोळाव्या शतकांतील स्पॅनिश लेखकांनीं तिची नोंद केलेली आहे. इंग्रज वसाहतींत, विशेषतः व्हर्जिनियांत, हा शब्द आणि ही रीत रुजली तेव्हां तिला मोठ्या सामुदायिक मेजवानीचें रूप आलें. जमिनींत लांब खड्डा खणावयाचा, ओकची किंवा हिकरीची लांकडें जाळून त्याचे निखारे त्यांत पसरावयाचे, आणि त्यावर अख्खें डुकर किंवा बैल रात्रभर भाजावयाचा. जॉर्ज वॉशिंग्टन हा १७६९ च्या मे महिन्यांत अलेक्झांड्रिया गांवीं अशाच एका बार्बेक्यूला जाऊन रात्रभर राहिला होता, अशी त्याच्या रोजनिशींत त्रोटक नोंद आहे. पुढें १८ सप्टेंबर १७९३ रोजीं त्याच वॉशिंग्टननें अमेरिकेच्या संसदभवनाची कोनशिला बसविली, त्या समारंभाची सांगता पांचशें पौंड वजनाचा बैल भाजून झाली. प्रजासत्ताकाच्या पायाभरणीला साक्षी असलेलें असें हें अन्न आहे.

परंतु दक्षिणेंतील बागाइतदारांच्या ह्या मेजवान्यांत खड्डा खणणारे, लांकडें फोडणारे आणि रात्रभर निखारे सारणारे हात बहुतेक गुलामांचे होते. पाहुणे सकाळीं बग्ग्यांतून येत. विस्तवाजवळचा मनुष्य आदल्या सायंकाळपासून तेथें असे. त्यांचीं नांवें मेजवान्यांच्या वर्णनांत क्वचितच आढळतात. १९३६ ते १९३८ ह्या काळांत अमेरिकन सरकारच्या एका लेखकयोजनेनें पूर्वाश्रमींच्या दोन हजारांहून अधिक गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत दक्षिण कॅरोलिनांतील वेस्ली जोन्स ह्या वृद्ध गृहस्थाची आठवण आहे. बार्बेक्यूच्या आदल्या रात्रीं आपण रात्रभर जागून मांसावर सिरका, मिरीं आणि लोणी यांचें मिश्रण कसें लावीत असूं, तें त्यानें सांगितलेलें आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला होता, तरी मसाल्याच्या जिनसा त्याला एकामागून एक आठवत होत्या. पारंगत कारागिराची स्मृति अशीच असते. ज्या काळीं कायद्यानें त्याची गणना मालमत्तेंत होत होती, त्या काळींही त्याची विद्या त्याचीच होती.

टेक्ससमधील गुलामांना मुक्ततेची वार्ता १९ जून १८६५ रोजीं गॅल्व्हेस्टन येथें सैन्याच्या हुकुमानें कळली. त्या दिवसाचा वार्षिक उत्सव पुढें 'जूनटीन्थ' ह्या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि २०२१ मध्यें त्याला राष्ट्रीय सुट्टीचा मान मिळाला. ह्या उत्सवांत बार्बेक्यू प्रारंभापासून होतेंच. ज्यांनीं आजवर दुसऱ्यांसाठीं निखारे राखले त्यांनीं आतां ते स्वतःच्या मुलाबाळांसाठीं पेटविले. पण बसावें कोठें? सार्वजनिक उद्यानें त्यांना मोकळीं नव्हतीं. तेव्हां ह्यूस्टन शहरांतील मुक्त झालेल्या लोकांनीं वर्गणी गोळा करून १८७२ मध्यें दहा एकर जमीन विकत घेतली आणि तिला 'इमॅन्सिपेशन पार्क', म्हणजे मुक्ति-उद्यान, असें नांव दिलें. वर्षांतून एक दिवस आपल्या माणसांसह गवतावर बसून जेवतां यावें, ही त्यामागची एक मोठी प्रेरणा होती. बसावयाच्या जागेचें मोल काय असतें, तें ह्या खरेदीवरून समजतें.

मुक्त झालेला हा कारागीर पुढें शहरांत आला, आणि बार्बेक्यूही त्याच्याबरोबर शहराच्या रस्त्यावर आलें. हेन्री पेरी हा टेनेसी राज्यांतील मनुष्य. तरुणपणीं नदीवरील आगबोटींच्या मुदपाकखान्यांत त्यानें काम केलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तो कॅन्सस सिटी येथें येऊन स्थायिक झाला. १९०८ च्या सुमारास त्या शहराच्या कपड्यांच्या कारखान्यांच्या वस्तींतील एका गल्लींत तो धुरावर शिजविलेलें मांस विकूं लागला. पंचवीस सेंटला एक वांटा, आणि तो बांधून द्यावयाचा वर्तमानपत्राच्या कागदांत! गिऱ्हाईक उभ्यानें घेई आणि चालूं लागे. काळे आणि गोरे, दोन्ही प्रकारचे लोक त्याच्याकडे येत. पुढें त्यानें ट्रामगाड्यांच्या एका जुन्या शेडांत दुकान मांडलें. १९४० मध्यें तो वारला तेव्हां त्याचें काम चार्ली ब्रायंटनें आणि नंतर त्याचा भाऊ आर्थर ब्रायंट ह्यानें चालविलें. कॅन्सस सिटीच्या बार्बेक्यूचा जनक म्हणून आज पेरीचेंच नांव घेतात. आजच्या ट्रेलरवाल्यांचा पूर्वज शोधावयाचा झाला तर तो ह्या गल्लींत सांपडतो: भांडवल थोडें, विद्या मोठी, आणि शहरांत आपल्या मालकीचें असें काय, तर एक पेटलेली भट्टी.

टेक्ससच्या मध्यभागांत ह्याच सुमारास निराळा प्रवाह वाहत होता. तेथें जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांचीं खाटकाचीं दुकानें होतीं. एल्गिन गांवचें एक दुकान १८८२ पासूनचें आहे; लॉकहार्ट येथील क्रॉइट्झ मार्केट १९०० सालीं सुरू झालें. त्या वेळीं शीतपेट्या नव्हत्या. न खपलेलें मांस वायां जाऊं नये म्हणून हे खाटिक तें धुरावर शिजवून ठेवीत. कापूस वेंचणीच्या हंगामांत शेतांवरून मजुरांचे थवे गांवांत येत. त्यांत कृष्णवर्णी असत, मेक्सिकन असत. गोऱ्यांच्या उपाहारगृहांत त्यांना प्रवेश कठीण. पण खाटकाच्या दुकानांत पैसे टाकले कीं मांस मिळे. तें ते कागदावरच घेत आणि कांदा व बिस्किटें यांच्याबरोबर दुकानाच्या मागें किंवा झाडाखालीं खात. ताट नाहीं, कांटा नाहीं, मेज नाहीं. आज ऑस्टिनच्या ट्रेलरमधून तपकिरी कागदावर जें मांस वाढतात, त्या कागदाची परंपरा ही अशी आहे. गरजेपोटीं निघालेली रीत पुढें शिष्टाचार झाली. स्वतः फ्रँकलिनची विद्याही ह्याच प्रवाहांतली आहे. टेलर गांवीं १९४९ मध्यें लुई म्यूलर ह्यानें प्रसिद्धीस आणलेल्या घराण्यांतील जॉन म्यूलर हा त्याचा नातू ऑस्टिनमध्यें दुकान चालवीत असे. फ्रँकलिन कांहीं काळ त्याच्याच हाताखालीं नोकरीस होता.

आतां खिडकीची गोष्ट सांगतों. अलाबामा राज्यांतील बर्मिंगहॅम शहरांत 'ऑलीज बार्बेक्यू' नांवाचें, १९२७ पासून चालत आलेलें, २२० लोक बसूं शकतील असें एक उपाहारगृह होतें. त्याच्या ३६ नोकरांपैकीं दोन तृतीयांश कृष्णवर्णी होते. पण कृष्णवर्णी गिऱ्हाइकाला तेथें बसून जेवतां येत नसे. त्यानें अन्न विकत घ्यावें आणि बाहेर न्यावें, एवढीच मुभा होती. शिजविणारा आंत चालत होता, वाढणारा चालत होता, पैसेही चालत होते. चालत नव्हता तो फक्त मेजाशीं बसलेला मनुष्य. वेगळ्या कपबशीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यांतील तर्कट निराळें समजावून सांगावयास नको. १९६४ च्या जुलैमध्यें नागरी हक्कांचा कायदा झाला आणि अशी बंदी बेकायदेशीर ठरली. उपाहारगृहाचे मालक न्यायालयांत गेले. आमचा धंदा स्थानिक, त्यांत संघराज्याच्या सरकारनें हात घालूं नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयानें हिशेब पाहिला. वर्षभरांत घेतलेल्या सुमारें दीड लक्ष डॉलरांच्या जिनसांपैकीं ६९,६८३ डॉलरांचें मांस परराज्यांतून आलेलें होतें. तेव्हां हा धंदा आंतरराज्य व्यापाराशीं निगडित आहे, आणि म्हणून कायदा त्याला लागू आहे, असा एकमतानें निकाल १४ डिसेंबर १९६४ रोजीं झाला. माणसाला मेजाशीं बसण्याचा हक्क मिळाला, तो माणुसकीच्या नांवानें नव्हे, तर मांसाच्या हिशेबावरून! पण मिळाला, हें विसरतां येत नाहीं.

रस्त्यावरच्या अन्नाकडे शहरें कोणत्या दृष्टीनें पाहत, ह्याचें एक उदाहरण टेक्ससमध्येंच सांपडतें. सॅन अँटोनियोच्या चौकांत मेक्सिकन स्त्रिया कित्येक दशकें रात्रीं कंदील लावून तिखट मांसाचा रस्सा विकीत. प्रवासी त्यांचें कौतुक करीत. तरी १९३० नंतरच्या काळांत आरोग्यखात्याच्या नियमांनीं त्यांना चौकांतून उठविलें. स्वच्छतेची आवश्यकता कोणी नाकारणार नाहीं. पण गरिबानें मांडलें म्हणजे तें अस्वच्छ, आणि हौशी मनुष्यानें मांडलें म्हणजे तें नावीन्य, असा भेद शहराच्या नजरेंत नकळत शिरतो, हेंही खरें.

ह्या सर्व पार्श्वभूमीवर ऑस्टिनमधील ट्रेलरांकडे पाहिलें पाहिजे. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर त्या शहरांत रिकाम्या भूखंडांवर असे ट्रेलर झपाट्यानें वाढले. इमारतीचें भाडें नको, मेजें-खुर्च्या नकोत. भट्टी, खिडकी आणि विद्या असली कीं पुरे. हा मार्ग किती फलदायी ठरला, तें पुढील गोष्टीवरून दिसेल. २०२४ च्या नोव्हेंबरांत मिशेलिन ह्या विख्यात फ्रेंच मार्गदर्शिकेनें टेक्ससमधील चार बार्बेक्यूगृहांना एकेक तारा दिला. त्यांपैकीं 'ला बार्बेक्यू', 'लरॉय अँड लुईस' आणि 'कॉर्कस्क्रू' ह्या तिघांचा प्रारंभ ट्रेलरमधूनच झालेला होता. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांना रस्त्यानें पुन्हां एकदां आसरा दिला, आणि त्यांनींही आपल्या परिश्रमानें तो सार्थकीं लावला. ह्यांत त्यांना उणें लेखण्यासारखें कांहींच नाहीं.

मात्र ज्या भूमीवर हे ट्रेलर उभे राहिले तिचाही एक इतिहास आहे. ऑस्टिन शहराच्या १९२८ च्या आराखड्यांत कृष्णवर्णी लोकांसाठीं शाळा, उद्यानें वगैरे सोयी ईस्ट ॲव्हेन्यू ह्या रस्त्याच्या पूर्वेकडेच कराव्या, अशी शिफारस होती. कोणाला घर सोडण्याचा हुकूम करण्याची गरजच उरली नाहीं. मुलांची शाळा जिकडे तिकडे आईबापांचें बिऱ्हाड. पुढें त्याच ईस्ट ॲव्हेन्यूच्या जागेवरून मोठा महामार्ग काढण्यांत आला. तो १९६२ मध्यें खुला झाला आणि कागदावरच्या रेघेची भिंत झाली. ह्या भाषणाच्या प्रारंभीं उल्लेखिलेला महामार्ग तो हाच. भिंतीच्या पूर्वेस त्या लोकांनीं आपलीं प्रार्थनामंदिरें, आपलीं दुकानें आणि आपल्या बार्बेक्यूच्या भट्ट्या उभारल्या. फ्रँकलिननें २०११ मध्यें जी इमारत घेतली ती ह्याच पूर्व भागांतील आहे, आणि तिच्यांत पूर्वींही बार्बेक्यूचेंच एक जुनें दुकान चालत असे.

पुढें शहर श्रीमंत झालें, पूर्व भागांतील जमिनींना आणि घरांना भाव आला. २००० ते २०१० ह्या दहा वर्षांत ऑस्टिनची लोकसंख्या सुमारें वीस टक्क्यांनीं वाढली. पण कृष्णवर्णी रहिवाशांची संख्या मात्र पांच टक्क्यांहून अधिक घटली. एके काळीं ज्यांना तेथेंच राहा म्हणून सांगितलें, त्यांना आतां तेथें राहणें परवडेना. ह्याला एखादा ट्रेलर कारण झाला असें कोणी म्हणणार नाहीं. जमिनीचे भाव, कर आणि घरभाडीं हीं त्यांहून फार मोठीं कारणें आहेत. परंतु एके काळचें टाकाऊ मानलेलें, म्हणूनच मजुराला परवडणारें मांस महाग होत असतां, त्या मजुराचे नातू त्या वस्तींतून निघून जात होते, ह्या दोन घटना एकाच काळांत आणि एकाच रस्त्यावर घडल्या. इतिहासकारानें त्या शेजारीं शेजारीं मांडल्या पाहिजेत.

उभ्यानें खाणें ह्या एकाच क्रियेला, पाहा, किती निरनिराळे अर्थ आले! कापूस वेंचणाऱ्याला ती अडचण होती, बर्मिंगहॅमच्या गिऱ्हाइकाला ती मानहानि होती, आणि ट्रेलरपुढें सकाळपासून तिष्ठणाऱ्या आजच्या हौशी तरुणाला ती मौज आहे. अन्न तेंच, कागद तोच, धूरही तोच. फरक एवढाच, कीं आजच्या तरुणाला वाटेल तेव्हां आंत जाऊन बसतां येतें. जो बसूं शकतो त्याचें उभें राहणें हीच मौज होऊं शकते. हें स्वातंत्र्य त्या रांगेंतील प्रत्येकाला आज समान मिळतें, ह्यामागें न्यायालयांतले झगडे आहेत, वर्गणी काढून घेतलेली दहा एकर जमीन आहे, आणि निखाऱ्यांजवळ जागून काढलेल्या असंख्य रात्री आहेत.

एखाद्या पदार्थाची कीर्ति ऐकली म्हणजे आपण सहसा त्याची कृति विचारतों. तो प्रथम कोणी शिजविला आणि त्याला कोठें बसून खातां आला, हेंही विचारण्याची संवय आपण लावून घेतली, तर स्वयंपाकघरांतून इतिहासाचीं कित्येक दारें उघडतील. आणि त्यांतील कांहीं आपल्याच अंगणांत निघतील.